दुर्मीळ जनुकीय आजार ओळखण्याचं प्रशिक्षण, शहापूर ते तुर्भे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांचे डॉक्टर, आरोग्यसेविका, आशाताई, आरबीएसकेची (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची) पथकं आणि नवी मुंबईच्या वस्त्यांमधल्या दवाखान्यांतल्या सिस्टर यांच्यासाठी आम्ही शिबिरं घेतो. हॉलमध्ये ‘काही शंका?’ असं विचारलं की सगळे गप्प. चहाच्या वेळी मात्र एकेक जण कोपऱ्यात गाठतो. खालचे प्रश्न त्या कोपऱ्यातले आहेत.

सात हजार आजार आहेत म्हणे. ते सगळे पाठ करायचे का?

नाही. मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि मलाही ते येत नाहीत. निम्म्याहून अधिक नावं मी कधी मोठ्याने उच्चारलेलीही नाहीत.

तुमच्याकडून नाव नको आहे. एकच गोष्ट हवी आहे: जे नेहमीच्या उपायाने बरं व्हायला हवं होतं आणि झालं नाही, ते मूल तुमच्या नजरेतून सुटू नये. लोहाचं औषध तीन महिने नीट देऊनही हिमोग्लोबिन जागचं हललं नाही. पोषण आहार घरी पोचतोय, आई भरवतेय, तरी वजनाची रेघ सपाट आहे. फिटचं औषध चालू आहे तरी फिट येतातच. अशा मुलाच्या कार्डावर ‘सल्ला दिला’ असं लिहून पुढच्या घरी जाण्याआधी ‘का?’ एवढं विचारायचं. शिबिरात आम्ही दोन दिवस हा ‘का’च घोटून घेतो.

आजार इतका दुर्मीळ असेल, तर तो आमच्या उपकेंद्रात येईलच कशाला?

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार दर हजार लोकांमागे एक किंवा त्याहून कमी जणांना होणारा आजार दुर्मीळ. एकेक आजार तसा विरळाच. पण हजारो विरळ आजारांची बेरीज विरळ राहत नाही. त्यांतले साधारण ८० टक्के जनुकीय असतात आणि बरेचसे लहानपणीच डोकं वर काढतात.

दुसरं असं की दुर्मीळ हा शब्द गावागणिक बदलतो. सिकल सेल हा रक्ताचा आजार मुंबईच्या एखाद्या डॉक्टरला वर्षभरात दिसणार नाही, आदिवासी पाड्यावर एकाच घरात दोन मुलं सापडतील. थॅलेसेमिया हा रक्ताचाच दुसरा आजार सिंधी, लोहाणा, पंजाबी अशा काही समाजांत जास्त आढळतो आणि आपलं उल्हासनगर तर फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनीच वसलं. ज्या छोट्या पाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या आपसातच सोयरिकी होतात, तिथे जगात कुठेच फारसा न दिसणारा आजारही घर करून बसलेला असू शकतो. त्या पाड्याची आशा असाल, तर तुमच्यासाठी तो दुर्मीळ नाही.

आरबीएसकेचं पथक तपासतंच की. मग हे वेगळं काढायचं कारण काय?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तोच आपल्याकडे, फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातं. जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वांची वगैरे कमतरता आणि विकासातला विलंब अशा चार खणांत ३० आजारांची यादी होती. त्यात गोशे (पेशींत चरबी साठून प्लीहा वाढते) नाही, एमपीएस (शरीरात साखरेच्या लांब साखळ्या साठतात) नाही, एसएमए (स्नायूंचं बळ जातं) नाही. पण चौथा खण, म्हणजे विकासातला विलंब, हा फार रुंद दरवाजा आहे. त्यातून यातलं बहुतेक मूल आत येऊ शकतं. अडचण एवढीच, की पथक येतं त्या दिवशी ते मूल अंगणवाडीत असावं लागतं, आणि ज्याला चालताच येत नाही ते अंगणवाडीत येतच नाही. ते घरी झोळीत असतं. ते फक्त आशाताईला माहीत असतं.

नेमकं काय दिसलं की थांबायचं?

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं: येत होतं ते गेलं. बसायचं, आता बसत नाही. चार शब्द बोलायचं, आता बोलत नाही. उशिरा शिकणारी मुलं पुष्कळ असतात आणि त्यांतली बरीचशी पुढे मार्गी लागतात. शिकलेलं विसरणारं मूल मात्र त्याच आठवड्यात पुढे पाठवायचं.

बाळ डोळ्यांनी हसतं, आईला ओळखतं, आवाजाकडे बघतं, पण मान धरत नाही आणि पाय बेडकासारखे पसरून पडलेलं असतं. जीभ तोंडात निवांत असतानाही तिच्यावर बारीक थरथर दिसते. हे एसएमए असू शकतं. अशा बाळाला ‘मंद’ म्हणून सोडून देतात. त्याची बुद्धी शाबूत असते, स्नायूंपर्यंत निरोपच पोचत नसतो.

आजी कौतुकाने सांगते, ‘लई गुणी बाळ हाय, रडतच नाय.’ पंधरा दिवस झाले तरी कावीळ उतरलेली नाही, शी चार-चार दिवस होत नाही, जीभ जाड, बेंबी फुगलेली, आवाज घोगरा. हे गुणी बाळ थायरॉइडवाचून सुस्त पडलेलं असू शकतं. जन्मजात थायरॉइडची कमतरता तशी फार दुर्मीळही नाही, आणि सगळ्यांत जास्त हळहळ लावणारी आहे, कारण रोज सकाळची एक स्वस्त गोळी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तर मूल इतरांसारखं वाढतं.

पोट डाव्या बाजूला भरलेलं, हात लावला तर प्लीहा बेंबीपर्यंत. आपल्याकडे प्लीहा वाढली की मलेरिया, हे डोक्यात पक्कं बसलंय. ताप नाही, रक्ताचा नमुना दोनदा निगेटिव्ह, तरी प्लीहा तशीच आणि प्लेटलेट कमी, तर गोशेचा विचार व्हायला हवा. अर्थात सिकल सेल, थॅलेसेमियाही त्याच रांगेत.

वारंवार सर्दी, कान वाहतो, दोन्ही बाजूंचा हर्निया, एकदा ऑपरेशन होऊन पुन्हा आलेला, चेहरा वर्षागणिक जाडसर होत चाललेला. अशा मुलाला आम्ही नमस्कार करायला सांगतो. एमपीएसच्या बऱ्याच मुलांच्या बोटांचे सांधे आखडलेले असतात, तळवे एकमेकांना टेकत नाहीत, नमस्कार वाकडाच होतो. मग हात वर करून ‘एवढा मोठा’ दाखवायला सांगायचं. खांदे वर जात नाहीत. ही आमची घरगुती युक्ती आहे, पुस्तकी चाचणी म्हणून कागदावर लिहू नका. पण एका सिस्टरने तीन वर्षं दर महिन्याला पाहिलेल्या मुलाला हे करायला लावलं आणि ती तिथेच खाली बसली.

बाकीची लक्षणं भराभर सांगते. डोळ्यांचा पांढरा भाग निळसर आणि क्षुल्लक पडण्याने हाड मोडतं: आईवर ‘पाडलंस’ असा आळ घेण्याआधी ठिसूळ हाडांचा आजार आठवा. लस दिलेल्या जागी मोठी गाठ, गुडघा आपोआप सुजतो, सुंता किंवा दात पडल्यावर रक्त थांबत नाही: हिमोफिलिया. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाच्या हातापायांची बोटं सुजून दुखतात: सिकल सेल. फिट, अंगावर चट्टे आणि विरळ होत जाणारे केस एकत्र: बायोटिनिडेजची कमतरता, जिचा उपचार म्हणजे बायोटिन नावाचं साधं जीवनसत्त्व.

एसजीपीटी (लिव्हरसाठी करतात ती रक्ततपासणी) वाढलंय म्हणजे लिव्हरचंच ना?

हा प्रश्न आला की मी माझीच फजिती सांगते. नोकरीच्या सुरुवातीला एका तालुक्याच्या दवाखान्यात सहा वर्षांचा मुलगा आला. दमतो, पडतो, जिना चढत नाही. रक्त तपासलं, एसजीओटी-एसजीपीटी चांगलीच वाढलेली. डोळे पिवळे नव्हते, लघवी स्वच्छ होती. तरी मी कावीळ म्हटलं, तेलकट बंद केलं, उसाचा रस प्यायला सांगितलं. घरच्यांनी गळ्यात कावीळ उतरवायची माळही घातली. दोन महिन्यांनी आकडे तसेच. मी परत लिव्हरचंच सिरप लिहिलं.

तो मुलगा जमिनीवरून उठताना मी एकदाही पाहिला नव्हता. टेबलावर झोपवून तपासलं होतं. आई म्हणाली, ‘बाई, तो उठतो कसा ते तरी बघा.’ त्याला खाली बसवलं. तो आधी ओणवा झाला, मग पाय फाकवले, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहिला. पोटऱ्या पैलवानासारख्या टणक. ड्यूशेन, म्हणजे स्नायू झिजवणारा जनुकीय आजार. एसजीओटी आणि एसजीपीटी स्नायूंतही असतात, स्नायू झिजले तरी रक्तात वाढतात. मला हे परीक्षेपुरतं ठाऊक होतं. सीके ही स्नायूंची एक रक्ततपासणी तेव्हाच केली असती, तर तिचा हजारोंतला आकडा बघून कुणालाही कळलं असतं.

म्हणून आता शिबिरात पहिल्या सत्रात सतरंजी अंथरतो. प्रत्येक डॉक्टरला खाली बसून उठावं लागतं, मग मुलाला कसं बसवायचं ते लक्षात राहतं. चालायला दीड वर्षाहून उशीर झालेला मुलगा, आणि कावीळ नसताना वाढलेलं एसजीपीटी: सीके करा.

कुटुंबाचा नकाशा काढायला वेळ कुठून आणायचा? ओपीडीत शंभर पेशंट असतात.

पाच मिनिटं लागतात. चौकोन पुरुष, गोल बाई, तीन पिढ्या. आजारी असेल तर आतून भरायचं, गेलेलं असेल तर तिरकी रेघ. पण खरी मेख रेषांत नाही, प्रश्न कसा विचारता त्यात आहे.

‘नात्यात लग्न झालंय का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं. मामाची मुलगी करणं हे कित्येकांच्या हिशेबी नात्यातलं लग्नच नसतं, ती रीत असते. म्हणून असं विचारा: ‘लग्नाआधी सासूबाईंना काय म्हणून हाक मारायचात?’ तुर्भे स्टोअरच्या एका शिबिरात सरावासाठी हाच प्रश्न विचारला तर समोरची बाई लगेच म्हणाली, ‘आत्या.’ त्याआधी दोन मिनिटं ती ‘नात्यात नाही’ म्हणाली होती आणि खोटं बोलत नव्हती. पाड्यावर असाल तर ‘दोघांच्या आज्या कुठल्या पाड्याच्या?’ हेही विचारा. उत्तर एकच आलं तर नातं माहीत नसलं तरी असू शकतं.

मग गेलेल्या मुलांबद्दल. ‘किती मुलं?’ म्हटलं की जिवंत मुलं मोजून सांगतात. ‘किती वेळा दिवस गेले?’ असं विचारा आणि थांबा. एखादी हळूच सांगेल, ‘त्याच्या आधी एक झाला होता, पाचवी पण पुजली नव्हती.’ पाचव्या दिवसाच्या आत गेलेलं बाळ आणि आता तसंच मलूल पडलेलं दुसरं बाळ, ही तुमच्या नकाशातली सगळ्यात मोठी खूण.

तिसरं म्हणजे मामा. ड्यूशेन, हिमोफिलिया, हंटर (एमपीएसचाच एक प्रकार) हे आजार बहुतेक वेळा मुलग्यांना होतात आणि आईकडून येऊ शकतात. त्यामुळे ‘याचा मामा कसा होता? मावशीचे मुलगे कसे आहेत?’ हे विचारायचंच. ‘मामाला विचारा’ एवढं वाक्य आमच्या आशाताईंनी परस्पर घोषवाक्य करून टाकलंय.

सॅमच्या (तीव्र कुपोषणाच्या) यादीतल्या मुलांचं काय? ती तर कुपोषितच असतात.

बहुतेक असतातच, आणि त्यांना खायलाच लागतं. प्रत्येक बारीक मुलात जनुकं शोधत बसलात तर खरं भुकेलं मूल उपाशी राहील. पण ग्राम बाल विकास केंद्रातून दोनदा जाऊन आलेलं, पोषण पुनर्वसन केंद्रात वजन वाढूनही घरी आल्यावर घसरलेलं, किंवा घरातली बाकी भावंडं धडधाकट असताना एकटंच वाळत चाललेलं मूल वेगळं काढा. त्याचा घाम फार खारट लागतो का, शी तेलकट आणि फार घाण वासाची आहे का, लघवी वारंवार आणि खूप होते का, प्रत्येक न्यूमोनियानंतर ते आणखी खंगतं का, हे आईला विचारा. आईला हे सगळं ठाऊक असतं. ‘मुका घेतला की खारट लागतं’ हे ती आजवर कुणाला बोललेली नसते, कारण कुणी विचारलेलंच नसतं.

‘आई नीट खाऊ घालत नाही’ हा शेरा मात्र कृपा करून लिहू नका. तो कार्डावर चढला की पुढचा प्रत्येक डॉक्टर तोच वाचतो आणि तपास तिथेच संपतो.

नमुना घेताना काय चुकतं?

दोन चुका नेहमीच्या. पहिली: हिमोग्लोबिन चार, घाईने रक्त चढवलं, मग थॅलेसेमियासाठी नमुना पाठवला. आता अहवालात रक्तदात्याचं रक्त दिसणार. एचपीएलसीसाठी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी) दोन मिली रक्त ईडीटीएच्या, म्हणजे जांभळ्या टोपणाच्या बाटलीत, रक्त चढवण्याआधी काढून ठेवा. जीव वाचवण्याला एका मिनिटाचा उशीर होत नाही आणि पुढचे तीन महिने वाचतात. सिकल सेलची सोल्युबिलिटी चाचणी सहा महिन्यांआतल्या बाळात विश्वासाची नाही, आणि ती वाहक (स्वतः निरोगी, पण आजाराचं जनुक पुढे देऊ शकणारा) आणि रुग्ण यांत फरकही सांगत नाही. पॉझिटिव्ह आली की एचपीएलसी हवीच.

दुसरी चूक पावसाळ्यातली. टाचेतून घेतलेला रक्ताचा ठिपका कागदावर आडवा ठेवून, तीन-चार तास, साध्या हवेत वाळू द्यायचा असतो. जुलैत शहापूरला चार तासांत काही वाळत नाही, टॉवेलसुद्धा. घाई म्हणून कुणी उन्हात धरतं, कुणी हेअर ड्रायर लावतं, कुणी ओलाच पाकिटात घालतं. तिन्ही नमुने वाया. रात्रभर पंख्याखाली, एकावर एक न ठेवता वाळवा, मग सिलिका जेलच्या पुडीसकट झिपच्या पिशवीत. टाच टोचताना कडेला टोचा, मधोमध नाही, आणि थेंब दाबून काढू नका.

तिसऱ्या दिवशीच्या गृहभेटीत बाळ मलूल दिसलं तर?

आशाताईंच्या गृहभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. चयापचयाचे बरेच आजार पहिल्या आठवड्यातच दिसतात, कारण पोटात असताना आईचं शरीर बाळाचं काम सांभाळत असतं आणि दूध सुरू झालं की बाळाला ते स्वतः करावं लागतं. जन्मतः छान रडलेलं बाळ दोन-तीन दिवसांनी दूध ओढत नाही, उलट्या करतं, श्वास भरभर घेतं. बहुतेक वेळा हा जंतुसंसर्गच असतो, तेव्हा त्याचा उपचार थांबवायचा नाही. पण सोबत साखर तपासा, अंगाला किंवा लघवीला जळलेल्या साखरेसारखा किंवा घामट वास येतो का पाहा, आणि आधीच्या बाळाचं विचारा. यांतलं एक जरी ‘हो’ असेल तर चिठ्ठीत ठळक लिहा: ‘चयापचयाचा आजार वगळावा.’ आईचं दूध आपल्या मनाने बंद करायला सांगू नका, तो निर्णय पुढच्या डॉक्टरांचा.

दुसऱ्या आठवड्यात उलट्या आणि पाणी कमी होऊन कोमेजलेलं बाळ, जननेंद्रियाची त्वचा काळपट, किंवा मुलगा की मुलगी याबद्दलच सुईणीला शंका: हा अॅड्रिनल ग्रंथीचा आजार असू शकतो. औषध हायड्रोकॉर्टिसोन, स्वस्त आणि जुनं. ‘मुलगा झाला’ म्हणून पेढे वाटून झालेल्या घरात हे सांगणं फार अवघड जातं, पण ते सांगायचं काम मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांवर सोडा. तुम्ही फक्त पोचवा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला १०२ ची गाडी मोफत आहे.

आणि एक जड गोष्ट. बाळ वाचणार नाही असं दिसत असेल, तर आईवडिलांना विचारून रक्ताचा ठिपका किंवा जांभळ्या बाटलीत थोडं रक्त ठेवून घ्या. पुढच्या बाळासाठी दुसरं काहीच हातात उरत नाही.

उपचारच नाहीत, मग ओळखून करायचं काय?

थायरॉइडची गोळी, बायोटिन, हायड्रोकॉर्टिसोन, गॅलॅक्टोसेमियात (दुधातली साखर शरीराला वापरता येत नाही) दूध बंद करणं, विल्सनमध्ये (शरीरात तांबं साठतं) झिंक किंवा पेनिसिलामाइन, सिकल सेलमध्ये हायड्रॉक्सियुरिया आणि पहिल्या पाच वर्षांत पेनिसिलिन. ही सगळी उत्तरं स्वस्त आहेत. महाग आहे तो उशीर. ड्यूशेन बरा होत नाही, पण वेळेवर सुरू केलेलं स्टिरॉइड आणि व्यायाम मुलाला आणखी काही वर्षं स्वतःच्या पायांवर चालू देतात. त्या वर्षांची किंमत त्याच्या आईला विचारा.

महागड्या औषधांसाठी राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ मध्ये आलं. त्यात आजारांचे तीन गट आहेत: एकदाच उपचार करून भागणारे, आयुष्यभर पण त्यामानाने कमी खर्चाचे, आणि आयुष्यभर अतिशय महागडे. २०२२ पासून तिन्ही गटांना ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. पैसे घरच्यांच्या हातात येत नाहीत, उत्कृष्टता केंद्राकडे (दुर्मीळ आजारांसाठी सरकारने नेमलेल्या मोठ्या रुग्णालयाकडे) येतात, म्हणून मुलाची नोंद तिथे व्हावी लागते. गोशेसारख्या आजारात दर पंधरा दिवसांनी द्यायच्या औषधाला ५० लाख कितीसे पुरणार, हा प्रश्न मलाही पडतो, आणि पालकांनी विचारला तर मी टाळत नाही.

थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल आणि स्नायूंचा ऱ्हास यांचा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत समावेश आहे. यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्डाचा अर्ज भरून देणं हासुद्धा उपचारच समजा.

पाठवायचं कुठे?

आधी जिल्ह्याच्या डीईआयसीत (मुलांतले आजार लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात), आरबीएसकेच्या चिठ्ठीवर. महापालिका हद्दीत कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचं महापालिका रुग्णालय, तिथले बालरोगतज्ज्ञ पुढे पाठवतात. आपल्याला जवळचं उत्कृष्टता केंद्र परळचं केईएम. रक्ताच्या आजारांचं संशोधन करणारी आयसीएमआरची संस्थाही त्याच आवारात आहे.

पण ‘केईएमला जा’ हे दोन शब्द म्हणजे पाठवणं नव्हे. मुरबाडच्या आतल्या पाड्यावरून आधी जीप, मग एसटी, मग कल्याणहून लोकल, दादरच्या गर्दीत मुलाला कडेवर घेऊन उतरणं, आणि तोवर केसपेपरची खिडकी बंद. दोघांची दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच. म्हणून फोन करून वार पक्का करा. चिठ्ठीत ‘मतिमंद?’ एवढंच लिहू नका. काय येत होतं, काय गेलं, कधीपासून, आधी कोणत्या तपासण्या झाल्या, आणि कुटुंबाचा नकाशा. जमलं तर पाड्यावरची एखादी मुंबई पाहिलेली बाई सोबत द्या.

कुटुंब वीटभट्टीवर निघून गेलं तर?

दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं भट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. अहवाल येतो डिसेंबरात. फोन लागत नाही, कारण सिम बदललेलं असतं. नोंदवहीत आम्ही आता मुलाच्या वडिलांचा नंबर लिहितोच, पण शेजारी मुकादमाचं नाव, भट्टीचं गाव आणि पाड्यावर मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाचं नावही लिहितो. भट्टी भिवंडीत असेल तर तिथल्या आशाला कळवता येतं. नाक्यावरच्या मजुरांचं आणि दिघा, तुर्भ्याच्या दगडखाणींवरच्या कुटुंबांचंही हेच, फक्त ती गणपती-दिवाळीऐवजी गावच्या जत्रेला जातात.

घरच्यांना कसं सांगायचं?

‘तुमच्या रक्तात दोष आहे’ हे वाक्य विसरून जा. त्या एका वाक्यावर बायका माहेरी पाठवल्या गेल्या आहेत. आईकडून येणारा आजार असेल तर नवऱ्यासमोर आणि सासूसमोर घाईने काही बोलू नका. ड्यूशेनच्या साधारण एक तृतीयांश मुलांत तर जनुकातला बदल नव्याने झालेला असतो, आईत तो नसतोच. तपासल्याशिवाय कुणाची बाजू ठरवायची नाही.

दोघेही वाहक असतील तर प्रत्येक वेळी चारात एक शक्यता, हे समजावताना आम्ही भिशी वापरतो. सगळ्या बायकांना भिशी कळते. भिशीत एकदा नाव निघालं की ती चिठ्ठी बाजूला पडते, म्हणून लोकांना वाटतं, ‘एक आजारी झालं, आता पुढची तीन चांगली.’ इथे तसं नाही. डब्यात चार चिठ्ठ्या, एकीवर आजार. निघालेली चिठ्ठी दर वेळी घडी करून परत डब्यात जाते. दिघ्याच्या एका ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मंजी ही भिशी कधी संपतच नाय.’ यापेक्षा नेमकं मला सांगता आलेलं नाही.

पुढच्या गरोदरपणात तपासता येतं का? पीसीपीएनडीटीत (गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्यात) अडकणार नाही ना?

जनुकीय आजारासाठी गर्भाची तपासणी कायद्याला मान्य आहे, नोंदणीकृत केंद्रात आणि नियमांनुसार. बंदी लिंग सांगण्यावर आहे. वारेचा नमुना साधारण ११ ते १३ आठवड्यांत, गर्भजलाचा त्यानंतर, १६ आठवड्यांच्या सुमारास. पण त्यासाठी पहिल्या मुलाचा नेमका जनुकीय अहवाल हातात लागतो, तो नसेल तर शोधायचं काय? म्हणून अशा आईची नोंदणी पाळी चुकल्याबरोबर, आणि तपासणीचं बोलणं त्याच्याही आधी. तपासायचं की नाही, अहवालानंतर काय करायचं, हे ती आणि तिचा नवरा ठरवतील.

मुलाचा फोटो आरोग्य केंद्राच्या ग्रुपवर टाकला तर चालेल?

नाही. तज्ज्ञाला चेहरा बघावा लागतो हे खरं, पण आईच्या लेखी संमतीने, एकालाच, आणि काम झाल्यावर फोनमधून काढून टाकायचा. ग्रुपवर गेलेला फोटो पुढे जातोच.

भगताकडे जातात, त्याचं काय करायचं?

भांडू नका. एका पाड्यावरचा भगत आता ‘माझं झालं, तू बाईंचं औषध पण घे’ म्हणतो. त्याला शिबिराच्या जेवणाला बोलावलं होतं, एवढंच आम्ही केलं.

शिबिर किती दिवसांचं? प्रमाणपत्र मिळतं का?

दोन दिवस, आणि तीन महिन्यांनी अर्धा दिवस. प्रमाणपत्र मिळतं. त्या अर्ध्या दिवसाला मात्र येताना तुम्ही शंका घेतलेल्या एका मुलाचा नकाशा घेऊन यायचा. शंका चुकीची निघाली तरी चालते. रिकाम्या हाताने आलात तर आम्ही चहा देतो आणि पुढच्या वेळी परत बोलावतो.

मी पाठवलेल्या मुलाचं पुढे काय झालं, ते कळेल का?

कळायला हवं, आणि बहुतेक ठिकाणी कळत नाही. मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी खाली परत येत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक मुलासाठी एका माणसाचं नाव लिहून घेतो, जो वर फोन करेल आणि उत्तर आशाताईला सांगेल. गेल्या पावसाळ्यात डोळखांबकडच्या एका ताईला असा फोन आला. तिने पाठवलेल्या बाळाला थायरॉइडच निघालं होतं, गोळी सुरू झाली होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग आता रडतंय का ते?’ रडत होतं. रात्रभर.